अप्पांच्या हिल्मनचा मूळ रंग

१ सप्टेंबर १९९७, सोमवार
नरसिंगराव येऊन गेला. भाऊ धाकटा, तोंड मात्र थोरलं. डिसेंबरात त्याच्या अभिराजचं लग्न. वरात अप्पांच्या हिल्मनमधून काढायची म्हणे, आणि त्याआधी गाडीला लाल मेटॅलिक रंग मारायचा म्हणे. मी म्हटलं, आधी तुला मारते. हातात उलथणं होतं. तो दोन पावलं मागे सरला. तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे.
अप्पांनी ५४ साली नवी कोरी घेतलेली गाडी. त्रेचाळीस वर्षं तोच फिकट हिरवा रंग, कारखान्यातून आला तसा. नरसिंगराव म्हणतो, अक्का, वडिलांची गाडी दोघांच्या नावावर आहे. शेवटी कागदावर ठरलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबचे कर्नल पूवय्या येऊन बघणार. रंग मूळचा आहे असं त्यांनी लिहून दिलं तर गाडी कायमची माझी. नाही तर किल्ल्या त्याच्या आणि रंगही त्याचा. मी लगेच सही ठोकली. हरायचा प्रश्न येतोच कुठे?
संकल्प: आजपासून गाडीला जो बोट लावील त्याचं बोट मोडायचं.

३ सप्टेंबर, सकाळी ७
पुढच्या डाव्या दारावर नखाएवढा ओरखडा! दूधवाल्याची सायकल, दुसरं कोण. त्याच्या दोन्ही चाकांची हवा सोडली आणि व्हॉल्व्ह गटारात फेकले. तो कानडीत इल्ला अम्मा, नाही अम्मा करत राहिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढली आहेत मी, खोट्याचा आवाज लांबून ओळखते.
ओरखड्यावर टच-अप केला. जे. सी. रोडच्या दुकानातून मुद्दाम मिसळून आणलेला हिरवा, बारीक ब्रश. हा सतरावा डबा. टच-अप म्हणजे रंग मारणं नव्हे. नाकाला पावडर लावली म्हणून बाई नवी होत नाही. शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, डाग झाकू नये, धुवावा. त्यांच्याकडे गाडी नव्हती.

४ सप्टेंबर
कालचा ठिपका किंचित गडद दिसतो. म्हणून त्याच्या आजूबाजूला थोडा लावला. मग त्याच्याही आजूबाजूला. आता दार कसं एकसारखं! मागचं दार त्यापुढे जुनाट वाटायला लागलं आहे. उद्या बघू.

५ सप्टेंबर
मागचं दार झालं. हल्ली नीट लागत नाही, ढुंगणाने ढकलावं लागतं. जुन्या गाड्या बंगळूरच्या हवेने फुगतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार
पितृपक्ष. शेजारचे वेणुगोपाल कंपाउंडच्या भिंतीवर वडिलांसाठी भाताचे गोळे मांडतात. कावळे जेवतात तिकडे आणि मोकळे होतात माझ्या बॉनेटवर. त्या आम्लाने रंग जळतो! खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि नेम धरून भिरकावला. वेणुगोपाल धोतर सावरत धावत आले. मॅडम, माझ्या वडिलांना मारता? मी म्हटलं, तुमच्या वडिलांनी काय करून ठेवलंय ते आधी येऊन बघा. जिवंत होते तेव्हाही त्यांना कंपाउंडची हद्द कळत नव्हती.
कावळा सुटला. बत्ता टपावर पडला. वाटीएवढा पोचा. ही सरळसरळ कावळ्याची चूक.
संध्याकाळपर्यंत टपावर टच-अप. पूर्ण टप, म्हणजे फरक दिसायला नको.

२५ सप्टेंबर
इंदिरानगर आता राहायच्या लायकीचं उरलं नाही. समोर नवं रेस्टॉरंट झालंय. टेबल मिळेपर्यंत लोक रस्त्यावर ताटकळतात. आज एक टायवाला माझ्या मडगार्डवर बसून सेलफोनवर बोलत होता. बसून! नळाचा पाइप त्याच्या तोंडावर धरला. तो फोन पुसत ओरडला, मी कोण आहे माहीत आहे का? मी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत त्याला सांगितलं की तो कोण आहे, त्याची आई कोण आहे आणि दोघांपैकी जास्त लाज कोणाला वाटायला हवी. मग छत्रीचे तीन फटके दिले. चौथा चुकला.
छत्रीचं टोक मडगार्डला लागून चांगली वीतभर रेघ उठली असं कामाला येणारी अंबुबाई म्हणते. अंबुबाईला मोतीबिंदू आहे. रेघ त्याच्या बेल्टची आहे.
दोन्ही मडगार्डं टच-अप. एकच केलं तर वाईट दिसतं.

२ ऑक्टोबर
गांधीजयंती. आज कोणावरही हात उगारायचा नाही.
स. ११.४०. केबलवाला गाडीला शिडी लावून चढला होता. हात उगारला नाही. फक्त शिडी ओढली.
तो वेणुगोपाल यांच्या क्रोटनच्या झुडपात पडला, फार काही झालं नाही, उठून शिव्या देत होता. शिडी डिकीवर आदळली. डबा संपत आला आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, खंडेनवमी
नरसिंगराव दरवर्षीप्रमाणे घराण्याची तलवार घेऊन आला. इथले लोक आज आपापल्या गाड्यांना हळदकुंकू फासून रस्त्यावर कोहळे आपटतात. आमच्यात कोहळा तलवारीने कापतात. मी बजावलं, पूजा जमिनीवर करा, गाडीला कुंकवाचा ठिपकाही नको, तो डाग जन्मात निघत नाही. अंबुबाई म्हणाली, अक्का, एकच बोट. मी म्हटलं, तेच कापीन.
बंपरसमोर स्टुलावर कोहळा ठेवला. घरात मोठी मी, म्हणून तलवार मी घेतली. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. अंबुबाईचं कुंकवाचं बोट बॉनेटकडे निघालं होतं.
मी वळले. तलवार माझ्याबरोबर वळली.
बोट वाचलं. बॉनेटमध्ये नऊ इंच तलवार. नरसिंगरावाने आणि मी मिळून ओढून काढली.  अंबुबाईने हात जोडले, म्हणाली, देवीने बळी घेतला. कोहळा अजून स्टुलावर आहे, शाबूत.

११ ऑक्टोबर, दसरा
डबा खरवडला, थेंब नाही. जे. सी. रोड बंद. दुकानदाराच्या घरी फोन केला, वाटेल ते बोलले. त्याने ठेवला. हरकत नाही. चीर पडली म्हणून रंग बदलत नाही. कर्नल शिपाईगडी आहेत, त्यांना जखमेची कदर असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार
कर्नल पूवय्या दहाला आले. टप, दारं, डिकी यांच्याकडे एकदा बघितलं. मग भिंग काढून चिरेपाशी बसले ते वीस मिनिटं उठलेच नाहीत. मला वाटलं, प्रभावित झाले. मग मला बोलावलं आणि भिंग हातात दिलं. चिरोट्याला नसतील इतके पापुद्रे. अकरा. सगळे हिरवे, दर वेळी थोडा वेगळा हिरवा. आणि सर्वात खाली, पत्र्याला चिकटून, एक रेघ.
त्यांनी विचारलं, मॅडम, ही गाडी कोणी रंगवली? मी म्हटलं, कोणीही नाही, मी फक्त टच-अप करते. कधीपासून? एकोणऐंशीपासून, अप्पा गेले तेव्हापासून. टच-अप न झालेली एखादी जागा आहे का? मी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी.
कर्नलांनी लिहून दिलं: मूळ रंग उत्तम स्थितीत आहे, बॉनेटच्या चिरेत दिसतो, अन्यत्र कोठेही नाही.
नरसिंगराव हसेल म्हणून मी तयारीत होते, पायातली चप्पलही सैल केली होती. तो हसला नाही. हळूच म्हणाला, अक्का, मी एकदाच मारणार होतो. तू अकरा वेळा मारलास.
किल्ल्या दिल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
के. आर. पुरमचं वर्कशॉप. नरसिंगराव नको म्हणत असताना गेले. पेंटर पुट्टी कालवत होता तोवर भिंगाने पुन्हा चीर बघितली. अप्पांची रेघ जवळजवळ राखाडी आहे, चिंब पावसातल्या पारव्यासारखी. माझ्या सतरा डब्यांत हा रंग एकदाही नव्हता.
पेंटर म्हणाला, स्वल्प बाजूला व्हा, अम्मा.
झाले.