चाळिसावं कार्ड

सोमवार, ८ जानेवारी

कार्डं छापून आली! चाळीस मुलं, चाळीस कार्डं. आज पाचवी ब मध्ये वाटली. प्रत्येकाने कुठल्यातरी घरचा एक पाळीव प्राणी बघून यायचा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची. पाणी आहे का? खाणं मिळतं का? जागा कशी आहे? काही दुखतंय का? सोबत कोण? खाली शेऱ्याला दोन ओळी. येत्या सोमवारी गोळा करणार. त्यानंतरच्या शुक्रवारी जनावरांचे डॉक्टर वर्गात येऊन सगळी वाचतील आणि जिथे हाल दिसतील त्या घरी स्वतः जातील.

मुलांना बजावलं — मालकाला विचारायचं नाही. मालक नेहमी 'मजेत आहे' म्हणणार. प्राण्याला बोलता येत नाही, म्हणून आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं. फळ्यावर ठळक लिहूनही दिलं. तास मस्त झाला. स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

आबा नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून पडलेले. डबा तसाच. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

शाळेत जाताना मी आबांच्या खोलीला बाहेरून कडी घालते. लिहायला जड जातं. पण इथे नाही लिहायचं तर कुठे? वडील आहेत माझे, मला काय हौस आहे? ऑक्टोबरात भर दुपारी चौकात सापडले — अंगात नुसता बनियन, पायात एकच चप्पल, हातात माझी डब्याची पिशवी! दुकानदाराने हाताला धरून घरी आणून सोडलं.

भाऊ फोनवर म्हणाला, 'वय झालं त्यांचं. आता काही भरवसा नाही. सांभाळ.' सांभाळ म्हणे! स्वतः तिकडे मजेत. नवरा महिन्यातून दोनदा येणार, तोही पाहुण्यासारखा. त्या दिवशी आबांना काही विचारण्यात अर्थच नव्हता. ज्याला भान राहिलं नाही तो काय सांगणार? तेव्हापासून कडी. तेव्हापासून ते फारसे बोलतही नाहीत. डोकं चालत नाही, त्याला मी काय करू?

बुधवार, १० जानेवारी

आबांच्या पलंगाखाली केळ्याची साल. घरात केळी नाहीत! गेल्या आठवड्यापासून आणलेलीच नाहीत. आणि डबा? चाटूनपुसून रिकामा.

कोणीतरी येऊन जातंय. कडी जशीच्या तशी होती, म्हणजे खिडकीतून. तळमजलाच आमचा. संशय शेजारणीवर. दिवसभर गॅलरीत उभी असते, तिला दुसरं काम काय?

गुरुवार, ११ जानेवारी

आज पुन्हा डबा रिकामा. खिडकीचा पडदा बाजूला सारलेला. मी तो ओढूनच जाते, कोणी आत डोकावायला नको म्हणून.

जिन्यापाशी शेजारीण भेटली. 'आबा बरे आहेत ना हो? दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत.' अगदी साळसूद चेहरा! मी म्हटलं, 'मजेत आहेत.' आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने नजर चुकवली की मला तसं वाटलं?

आबांना विचारलं, 'कोण आलं होतं?' त्यांनी कूस बदलली.

शुक्रवार, १२ जानेवारी

शाळेतही पाणी कुठेतरी मुरतंय. माझ्या वर्गातली एक पोरगी, मी तिला खारूताई म्हणते. गाल फुगलेले आणि खिशात कायम काहीतरी कोंबलेलं. जवळ राहणारी मुलं मधल्या सुट्टीत घरी जेवायला जातात, तशी हीपण जाते. पण तिचं घर पुढच्या फाटकाच्या बाजूला आणि ही पळते मागच्या फाटकाने! मी मैदानावर पाळीला असते, मला सगळं दिसतं. खिशातून बिस्किटांचा पुडा डोकावत होता. परत आली ती हसत. मला पाहिलं आणि हसू गिळलं.

सोमवार, १५ जानेवारी

कार्डं गोळा केली. एकोणचाळीस! नसलेलं कोणाचं? खारूताईचं.

'बाई, हरवलं.' कान लालभडक. पोरीला धड खोटंही बोलता येत नाही.

शाळा सुटल्यावर तिच्या आईला फाटकात गाठलं. 'घरी काही पाळलंय का?' ती म्हणाली, 'छे हो बाई, साधी मांजरसुद्धा नाही.' मग बिस्किटं कोणासाठी? माझी खात्री आहे, कुठेतरी एखादं पिल्लू कोंडून ठेवलंय या पोरीने. आणि त्याचे हाल चाललेत म्हणून कार्ड दाबलंय. मी शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी! शुक्रवारच्या आत शोधून काढणार.

मंगळवार, १६ जानेवारी

शेजारीण मावशीकडे गेलीय म्हणे, शनिवारपासून. तरी डबा रिकामा. मग ती नव्हे! कोण मग?

बुधवार, १७ जानेवारी

मैदानाची पाळी चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात मारली आणि खारूताईच्या मागे निघाले. मागचं फाटक, पिठाची गिरणी, डावीकडे वळण. आमचीच गल्ली!

आमच्या खिडकीखाली उलट्या बादलीवर चढून उभी. गजांतून हात आत. चोरी, असंच वाटलं. ओरडणार होते, तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला.

आबा हसत होते! तीन महिन्यांत मी ऐकलं नव्हतं ते हसू. 'मग त्या कुत्र्याचं काय झालं हो आजोबा?' आणि आबा सांगायला लागले — मी लहान असताना आमच्याकडे होता त्या कुत्र्याची गोष्ट. नाव बरोबर. त्याच्या शेपटीचा पांढरा ठिपका बरोबर. मला तो चावला ते बोटसुद्धा बरोबर!

मी कोपऱ्यावरूनच परत फिरले. पुढे जायचा धीर झाला नाही. राग म्हणावा तर राग नाही. भीती वाटली.

गुरुवार, १८ जानेवारी

तिला एकटीला थांबवलं. 'कार्ड काढ.'

कंपासपेटीतून चार घड्या घातलेलं कार्ड निघालं.

'हरवलं म्हणालीस ना?'

'डॉक्टर वाचतील ना बाई. मग ते तुमच्या घरी येतील.' डोळे भरलेले. म्हणजे मला वाचवत होती! इतके दिवस मी तिच्यावर पाळत ठेवून आणि ती मला पाठीशी घालून.

तरी माझा आवाज चढलाच. 'अगं, मला विचारायचंस तरी!'

'तुम्हीच सांगितलंत ना बाई. मालकाला विचारायचं नाही.'

कार्ड समोर आहे. जसंच्या तसं उतरवते.

मालक — आमच्या बाई.
पाणी — आहे. एकच तांब्या. दुपारी संपतो.
खाणं — डबा आहे. झाकण घट्ट, त्यांच्या बोटांनी उघडत नाही. मी उघडून देते.
जागा — एक खोली. कडी बाहेरून.
दुखतंय का — उजवा गुडघा.
सोबत — मधल्या सुट्टीत मी.
शेरा — यांना बोलता येतं. विचारलं की सगळं नीट सांगतात.

झाकण घट्ट. तीन महिने मी समजत होते, त्यांना भूकच कळत नाही. रोज सकाळी ते झाकण मीच दाबून लावत होते. लाज वाटते. फार लाज वाटते.

शुक्रवार, १९ जानेवारी

डॉक्टरांनी कार्डं मोजली. 'एक कमी आहे, बाई.' मी म्हटलं, 'त्या घरी मी स्वतः जाणार आहे.' खारूताई खाली मान घालून बसली होती.

शनिवार, २० जानेवारी

कडीच उखडून काढली. आबांच्या शेजारी बसले आणि विचारलं, 'ऑक्टोबरात तुम्ही कुठे निघाला होतात?'

म्हणाले, 'कुठे म्हणजे? तुझा डबा घरी राहिला होता. दुसरी चप्पल सापडेना. म्हटलं, शोधत बसलो तर तुझी मधली सुट्टी संपेल.'