खळ दिलेली पट्टी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज सांगावंसं वाटतंय ते एका फुटबॉलच्या सामन्याबद्दल. हसू नका. कॅम्पातल्या लीगमधला तो आमचा शेवटचा सामना, गोऱ्या शिपायांशी. हरलो असतो तर पुढच्या वर्षी लीगबाहेर. ते बूट घालून खेळायचे, आम्ही वडगावचे विणकर अनवाणी. तुम्हाला लीगचं काहीच नव्हतं, घोर होता तो माझ्या पायांचा. "माग नुसता हातानं चालतोय व्हय रं? पाय मोडला तर खालच्या पावड्या कोण दाबणार?" असं म्हणून तुम्ही माझं डोकं खाल्लंत. आणि सामन्याच्या सकाळी तुम्हीच पायांना गुंडाळायला पट्ट्या विणून पुढं केल्यात, वर ताण्याला देतो तशी खळही देऊन. कापड कडक तर पाय शाबूत. विणकराशिवाय हे कुणाला सुचलं असतं?

मैदानात चिखल होता. खळ भिजून बुळबुळीत झाली, मग उन्हात वाळून पट्टी पायाला अशी चिकटली की निघेना. नेमका त्याच पायावर शेवटी एका शिपायाचा बूट पडला. दोघांनी मला उचलून घरी आणलं.

स्वयंपाकघरात मी पाटावर बसलोय. आई गरम पाणी ओततेय, तुम्ही खाली बसून एकेक वेढा सोडवताय. आत काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. तुटलेला धागा सांधावा तशी तुमची बोटं जपून चालताहेत. सामन्याचं काय झालं ते तुम्ही विचारत नाही, म्हणून मला राग येतोय.

शेवटचा वेढा सुटला तसा मीच सांगायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "गप. आदी बोटं हलीव."

बोटं सुजून निळी पडली होती, पण हलली. तुम्ही भिंतीला टेकलात.

"पाय हाय गं," आईला म्हणालात. मग माझ्याकडं वळून, "आता सांग, किती झालं?"

"एक-एक. ऱ्हायलो लीगमधी."

"मग पुढच्या साली खळ जरा पातळ करूया."

इतकं हलकं मला त्यानंतर फार कमी वेळा वाटलं.

हे पत्र टाकायचं कुठं? इथंच राहील. आता पाय दुखतात म्हणून सून रोज संध्याकाळी गरम पाण्याचं घंगाळ आणून ठेवते. पाय बुडवले की कुणी बघत नाही ना ते पाहून मी आधी बोटं हलवतो. आणि मग भिंतीकडं बघतो.