एकशेवीस शब्दांत मार्सेल्स

८ जानेवारी १८९५, मंगळवार
आज साहेबांनी जाहीर केलं. आमच्या कंपनीचा कापूस मार्सेल्सला जातो. तिथल्या हापिसात सहा महिन्यांसाठी एक कारकून पाठवायचा आहे. फ्रेंचच्या इंटरमीजिएट परीक्षेत जो वर येईल तो जाणार. तोंडी भाग मी दिवाळीतच पास झालो. उरला लेखी. एक पत्र, एकशेवीस शब्द. पत्र! अख्ख्या ठाकूरद्वारात कुणाला अडलंनडलं पत्र लिहायचं असलं की माझ्याकडे येतात. म्हणजे परीक्षा जवळजवळ झालीच.

दुसरा उमेदवार कुशाबा. परळचा, बाप गिरणीत. हा गोदीत खलाशांशी गप्पा मारून फ्रेंच शिकला. ग्रामर शून्य. मला त्याची दया येते.

संध्याकाळी आमच्या ज्ञातीचे अध्यक्ष तुळशीदासशेट यांना चिठ्ठी धाडली. मी समुद्र ओलांडणार. परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही. पंचगव्याचा थेंबसुद्धा नाही. काय करायचं ते करा.

उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

९ जानेवारी, सकाळी साडेसात
थंडी फार. फ्रान्सात याहून जास्त असते म्हणतात, तेव्हा सवय हळूहळूच करावी.

१३ जानेवारी, रविवार
काल संक्रांत. बायकोनं, कालिंदीनं, वाडीतल्या बावीस घरी हळदीकुंकवाचं बोलावणं केलं होतं. आल्या दोघी. एक तिची मावशी. दुसरी नव्यानं राहायला आलेली, तिला अजून बातमी लागली नव्हती. तुळशीदासशेटांनी आमच्याकडे जाणं-येणं बंद ठेवायला सांगितलं आहे.

मी म्हटलं, अशा मागासलेल्या बायका न आलेल्याच बऱ्या. ती लाडू परत डब्यात भरत बसली. मग म्हणाली, अहो, जाऊन आल्यावर थोडं गोमूत्र घेतलंत तर काय बिघडेल? मी म्हटलं, तत्त्व बिघडेल! तिला तत्त्व कळत नाही. लाडू मात्र छान झाले होते. सात खाल्ले.

३ फेब्रुवारी, रविवार
तुळशीदासशेटांना अकरा पानी पत्र पुरं केलं. समुद्रगमनाला शास्त्राधार, सुधारणेची गरज, शेटजींची वैयक्तिक अडाणी वृत्ती, सगळे मुद्दे आले. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत फ्रेंच डिक्शनरी उघडली नाही हे खरं, पण लिहिण्याचा हात चालू राहिला. लेखी परीक्षेला हातच तर लागतो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
युक्ती सापडली. पत्राचा विषय काय येईल कोण सांगणार? पण पत्राचा मायना कधी बदलत नाही. तेव्हा मायना असा पाठ करायचा की परीक्षक थक्क झाला पाहिजे. आपला पूर्वापार मायना शब्द-शब्द डिक्शनरीत काढून फ्रेंचमध्ये बसवला. शिरसाष्टांग नमस्कार. इकडील कुशल, तिकडील कुशल लिहीत जावे. वडील मंडळींस नमस्कार, चिरंजिवांस आशीर्वाद. आठ अंगांसाठी अर्धा दिवस गेला. फ्रेंच लोकांत असा नमस्कारच नाही. किती कोरडी माणसं!

दुपारी कुशाबाला ऐकवला. तो हसला. म्हणाला, भाऊसाहेब, साहेब मान्सा घाईत असत्यात वो. गाठी किती, भिजल्या किती, बदली माल कधी. तीन वळी लिवायच्या नि गप ऱ्हायचं.

गोदीतलं शिक्षण. दुसरं काय.

१० मार्च, रविवार
आज होळी. सकाळपासून पोरांनी बोंबा मारून वाडी डोक्यावर घेतली आहे. एका बोंबेत माझं नाव होतं, पुढे मार्सेल्सचंही. यमक जुळवलं होतं. मी गॅलरीत जाऊन ताठ उभा राहिलो. सुधारकानं शिमगा सोसलाच पाहिजे. अभ्यास अर्थातच झाला नाही.

कालिंदी दर शुक्रवारी देवीला जाते हल्ली. जाऊ दे. तिचंही मन रमायला हवं.

१६ मार्च, शनिवार. परीक्षा
विषय: मार्सेल्सच्या व्यापाऱ्याला कळवा की त्यानं पाठवलेल्या यंत्राच्या पेट्या वाटेत भिजल्या, बदली पेट्या हव्यात. मी मनात हसलो आणि मायना सुरू केला. घोटलेला होता, पाण्यासारखा वाहिला. त्याच्या वडिलांची प्रकृती विचारली. मुलाबाळांना आशीर्वाद दिले. त्यांच्याकडे पाऊसपाणी कसं काय, तेही विचारलं. आमच्या घरची खुशाली कळवली. मग शब्द मोजले. एकशेअठरा.

दोन शब्द उरले होते. दोन शब्दांत पेट्या काय कळवणार? शिवाय शेवट न करता पत्र सोडणं म्हणजे असभ्यपणा. लोभ असावा, असं लिहून पेन खाली ठेवलं.

कुशाबा अर्ध्या तासातच उठून गेला होता. बिचारा.

२५ मार्च, सोमवार
पन्नासापैकी सहा. साहेबांनी खोलीत बोलावलं. म्हणाले, पत्र फार प्रेमळ आहे, पण हा गृहस्थ जमिनीवर आडवा पडून का लिहितो आहे? त्याला डॉक्टर हवा आहे का? आणि पेट्या कुठे आहेत? यावर हेडक्लार्कसुद्धा हसला. कुशाबाला अडतीस. या देशात सौजन्याला मार्क नाहीत. साहेबाच्या देशातही नाहीत.

कुशाबा पाया पडायला आला. मी आशीर्वाद दिला, मराठीत.

घरी सांगितलेलं नाही. कसं सांगू? अडीच महिने या बाईनं माझ्यापायी वाडीचा अबोला सोसला. आज पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली.

२६ मार्च, मंगळवार
रात्रभर विचार करून मार्ग काढला. मोठ्या मनाचा मार्ग. सकाळीच तुळशीदासशेटांकडे गेलो. म्हटलं, ज्ञातीनं मला लेखी बंदी करावी. कडक शब्दांत. ज्ञातीचा मान राखून मी मार्सेल्सचा त्याग करीन. शेटजींचे डोळे भरून आले. उद्या घरी येऊन निर्णय कळवतो म्हणाले. सुटलो! पराभव नव्हे हा. त्याग आहे.

२७ मार्च, बुधवार. पाडवा
शेटजी नारळ, हार आणि चार पंच घेऊन आले. म्हणाले, जगन्नाथराव, कालचं तुमचं बोलणं काळजाला भिडलं. इतका ज्ञातीला मानणारा माणूस अडवायचा कसा? काळ बदलला. खुशाल जा. प्रायश्चित्ताचं नावही काढणार नाही. मी म्हटलं, पण शास्त्र? ते म्हणाले, तुमची अकरा पानं आम्ही सगळ्यांनी वाचली. शास्त्राधार बिनतोड आहेत.

मी बंदीसाठी पुष्कळ भांडलो. ते ऐकेनात. शेवटी म्हणाले, खरं सांगू का? तुमच्या घरच्यांनी महिनाभर दर शुक्रवारी आमच्या घरी येऊन आमच्या मंडळींपुढे पदर पसरला. त्यांचं फार मन आहे हो, त्यांना जाऊ द्या, माझं काही होवो, असं म्हणायच्या. अशा बाईला आम्ही नाही कसं म्हणणार?

कालिंदी दाराशी उभी होती. हातात फ्लॅनेलची बंडी, तिनं स्वतः शिवलेली. चोरून शिवत होती, मला पत्ता नाही. इतक्या दिवसांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शेटजींनी विचारलं, आगबोट कधी?

शनिवारी, मी म्हटलं. हे अक्षरशः खरं आहे. आगबोट शनिवारीच सुटते.

कालिंदीनं बंडी माझ्या अंगाला लावून बघितली. मापाला बरोबर आली. आज सणाच्या दिवशी काय सांगायचं तिला? शनिवारला अजून मध्ये दोन दिवस आहेत.