बारक्या ‘सोडा’ म्हणाला

११ मार्च, मंगळवार

बारक्याचा उजवा पाय गेला. गुडघ्याच्या वरून काढला. बटण माझ्या हातात होतं.

बारक्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ. चौतिशीचा, सहा फुटी, तरी घरात बारक्याच. मीच त्याला कारखान्यात चिकटवला. मी क्रेन चालवतो, तो भार जागेवर बसवतो. आज लोखंडी साचा काही केल्या बसेना. साच्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो — मला दिसत नव्हता. त्यात माझी टकळी चालूच. “बायको माहेरी जाऊन चार महिने झाले. जा, घेऊन ये तिला.”

तो म्हणाला, “भाऊजी, सोडा.”

मी साचा खाली सोडला. लाकडी ठोकळ्यावर अडकला, म्हणून जीव तरी वाचला.

१२ मार्च

दवाखान्यात गेलो तर कॉट रिकामी. नर्स म्हणाली, “वर नेलं त्यांना.” मी मटकन खाली बसलो. वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. तिनेच पाणी आणून दिलं.

१४ मार्च

क्रेनपाशीच चौकशी. साहेब म्हणाले, “नेमकं काय म्हणाला तो?”

“सोडा.”

“म्हणजे भार खाली घ्या?”

“तसं असेल. नाहीतर साचा राहू दे, नंतर बघू, असं. नाहीतर बायकोचा विषय सोडा, असं.”

साहेबांनी पेन ठेवलं. भिंतीवरची पाटी दाखवली — उचला, थांबा, उतरवा. एवढेच शब्द वापरायचे. सात वर्षं त्या पाटीखाली काम करतोय. पाटीवरचं कोण बोलतं?

त्याची चूक ठरली तर त्याची नोकरी जाणार. माझी ठरली तर माझी.

१५ मार्च

आज भाजी चिरता चिरता ही म्हणाली, “कसा म्हणाला, तसं म्हणून दाखवा.” दाखवलं. “पुन्हा.” वैतागून म्हटलं, थकून म्हटलं, घाईत म्हटलं. दहा-बारा वेळा तरी. शेवटी तिने सुरी बाजूला ठेवली. “तुमच्या तोंडून त्याचा आवाज येतच नाही.”

मलाही आता तो आठवत नाही. माझाच ऐकू येतो.

१६ मार्च

झोप नाही. जेवण नाही.

१७ मार्च

जबाब दिला. चूक माझी, खात्री न करता बटण दाबलं. सही केली. घरी येऊन हिला सांगितलं. तिने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

२० मार्च

बारक्या आज पहिल्यांदा धड बोलला. आधी हिला चहा आणायला पाठवलं. मग म्हणाला, “भाऊजी, तुम्ही बरोबर ऐकलंत. साचा खालीच घ्यायला सांगितलं मी. आधी त्याच्याखाली शिरलो, मग सांगितलं.”

दाराकडे बघत म्हणाला, “ताईला कळू देऊ नका.”

उद्या निकाल. जबाब बदलणार नाही. नोकरी गेली तर दिवसभर त्याच्यापाशी बसता येईल. त्याला एकटं ठेवायचं नाही.