वाकळीवरचा डाग

अव्वा, आज तुझी वाकळ धुवायला काढली. सोलापूरचं ऊन भाजायला लागलं की दरवर्षी काढते. सून म्हणाली, "मशीनला तरी टाका, नाहीतर फेकून द्या. किती जपायचं ते चिंध्यांचं गाठोडं?" मी बादली भरायला घेतली. तिच्या तोंडी आई हा शब्द असतो, अव्वा म्हणणारी या घरात आता मी एकटीच उरले आहे.

गिरणीच्या चाळीतल्या आपल्या खोलीत साबणाची वडी फक्त अप्पांच्या पैरणीसाठी असायची. बाकी सगळं तुझ्या डब्यांतून निघायचं. लुगड्यांना रिठे, भांड्यांना चुलीतली राख, तांब्याच्या घागरीला चिंच, अप्पांच्या टोपीला ज्वारीच्या पिठाची खळ. दुष्काळात नळाची धार करंगळीएवढी झाली, तरी भाजी धुतलेल्या पाण्यात तू फडकी काढायचीस आणि त्याच पाण्यात फरशी पुसायचीस. शेजारची काकू म्हणायची, "ह्या बाईच्या घरात डाग शोधून दावा, बक्षीस देते की." तू लाजायचीस. मला ते बोलणं आता आठवू नये असं वाटतं, पण आठवतं.

मला न्हाण आलं त्या सकाळी मी घाबरून परकरावर बंबातलं कढत पाणी ओतायला निघाले होते. तू तांब्या हिसकावून घेतलास. "अगं ए! ऊन पाण्यानं रगात शिजतंय की. मग बापजन्मात निघत न्हाय. गार पाणी घे, मूठभर मीठ टाक, भिजत ठेव." मग आवाज खाली आणलास. "आन् वाळत घालताना वरनं लुगडं टाकायचं. कुणाला दिसू द्यायचं न्हाय." तुझ्या या शिकवणीतला पहिला भाग खरा होता. दुसऱ्यानं तुझाच घात केला.

पुढच्या वर्षी आपल्या बरणीतलं मीठ लवकर लवकर संपायला लागलं. एकदा अप्पा जेवताना चिडले, "मीठ कुटं जातंय म्हणतो मी? रोज लोणचं घालतीस व्हय?" तू भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणालीस, "नवं लुगडं भिजवलंय मिठात. रंग सोडतंय लई." अप्पांना पटलं, मलाही पटलं. नव्या कापडाचा रंग मिठानं धरतो, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त त्या साली आपल्या घरात नवं लुगडं आलंच नव्हतं.

हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा तू दवाखान्यात होतीस. गर्भपिशवीचा आजार पार हाताबाहेर गेला होता. डॉक्टरीणबाई अप्पांना विचारत होत्या, "इतके महिने रक्त जातंय, घरात कुणाला एक डागसुद्धा दिसला नाही?" अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कसा दिसणार होता, अव्वा? आमच्या घरात डाग दिसतच नव्हते.

तुला टांग्यातून नेलं, तेव्हा तुझ्याखाली अंथरलेली वाकळ घरात तशीच राहिली होती. संध्याकाळी मी डबा न्यायला घरी आले तर अप्पा मोरीत बसलेले. जन्मात कधी रुमाल न धुतलेला माणूस, बंब पेटवून, वाकळीवर कढत पाणी आणि सोडा ओतून घासत होता. "ती आल्यावर तिला दिसाय नगं," म्हणाले. तोवर डाग शिजून गेला होता. आणि तू काही आली नाहीस.

अव्वा, मला तुझा राग येतो. एवढी स्वच्छता कुणासाठी केलीस गं? तुझा एक फोटो नाही. लुगडी विरून गेली, चाळ पडली, गिरणीचा भोंगा बंद झाला, अप्पाही गेले. माणसं म्हणतात काळ हे औषध आहे. मला ते लागू पडलं नाही, आता पडेल असंही वाटत नाही. तुझं म्हणून जगात काय उरलं, तर तळहाताएवढा तो तपकिरी डाग, आणि तोही अप्पांच्या अडाणीपणामुळं.

हे पत्र कुठं टपालात टाकायचं नाही. वाकळ वाळली की तिच्या घडीत ठेवून देईन. मघाशी सुनेनं मिठाची पिशवी आणून दिली. "तुम्हीच सांगता ना, रक्ताचा डाग मिठानं जातो म्हणून." शिजलेला डाग निघत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तुला म्हणून सांगते, ती पिशवी मी तशीच स्वयंपाकघरात परत ठेवली. एवढ्या वर्षांत वाकळीच्या पाण्यात मी चिमूटभरसुद्धा मीठ टाकलेलं नाही.