पाणी उजव्या हाताला

१४ जून
मायनं आज विचारलं, "चालाले इतक्या दूर कायले जाऊन राहिली? इथं रस्ते नाहीत का?" घरातली पहिली पदवीधर, शाळेत शिकवणारी मी नुसती नकाशा उघडून बसले. पोर्तुगालचा किनारा, चौदा दिवस, पायी. एका संस्थेनं पाच मुली निवडल्या, त्यात मी. खर्च सगळा संस्थेचा. मी समुद्र अजून पाहिलेला नाही, हे उत्तर होईल का?

१८ जून
सकाळी बोदलकसा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालले. पाठीवर आठ किलो तांदूळ, सराव म्हणून. नकाशातल्या वाटेचा पहिला टप्पा आज पुरा, तेवढं अंतर रोजच्या फेऱ्यांत मोजून. तिथं समुद्र सतत उजव्या हाताला असतो. इथं परतताना तलाव डावीकडे येतो, म्हणून परतीची फेरी धरत नाही. जाळं सांधत बसलेले डोमाकाका: "मास्तरीण, रोज तांदूळ नेते अन् रोज वापस आणते. भाव नाही भेटून राहिला का?"

२७ जून
सु.ताईंचा फोन (नागपूरच्या, आमच्या गटप्रमुख). १८ जुलैला निघायचं. ऐन रोवणी, धानाची लावणी. आमच्या आळीतली बारा घरं एकमेकांचे धान रोवतात, घरामागे एक बाई. ज्या घरची बाई येत नाही, त्या घरच्या बांधीत, धानाच्या शेतात, कोणी उतरत नाही. आमच्या घरची बाई मी. मायचा गुडघा दोन वर्षं चिखल सोसत नाही.

४ जुलै
उपाय सापडला असं वाटलं होतं. रोवणी आजपासून; शेजारगावची एक बाई रोजीनं ठरवली, माझ्या जागी. आळीतल्या कौसाबाईंनी तिला धुऱ्यावरूनच, शेताच्या कडेवरूनच, परत पाठवलं आणि संध्याकाळी आमच्या दारात आल्या. "मागच्या साली तुजा बाप दवाखान्यात होता, तवा आमी तुमच्या घरी मजुरीनं आलो होतो का वो? शिकली, आता माणूस भाड्यानं पाठवून राहिली."
मला कुणाचा अपमान करायचा नव्हता. तरी झालाच ना.

५ जुलै
माय स्वतःच गेली रोवायला, मला न सांगता. भिंत धरत धरत घरी आली. मी रागावले. तर म्हणते, "तू जाय. पोरगी समुद्राच्या काठानं चालाले चालली, साऱ्या गावाले सांगून बसली मी."
मग चुलीपाशी विचारत बसली. वाट कड्याच्या किती जवळून जाते, झोपायचं कुठं. मी सांगितलं, तिथं कड्यांवर करकोचे घरटी करतात, खाली लाटा. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग, "पिल्लं पडत नाहीत का वो?"
माझ्याआधी तीच तिथं पोचली.

९ जुलै
चार दिवस रोवणाऱ्या बायकांच्या पातीत, ओळीत, मीच. शाळेत रजा. वाकून मागं मागं सरकायचं. बायका आपसात बोलतात, माझ्याशी नाही. आज कौसाबाईंनी न बोलता पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी माझ्याकडे टाकली. तेवढंच.
आमची बांधी रोवायला सगळ्यांत शेवटी आहे, १८ नंतर.
तलावाच्या पाळीवर गेले नाही. सहावा टप्पा राहिला. त्या टप्प्यात नदी समुद्राला मिळते, आणि होडीतून पलीकडे...

११ जुलै
मायचा गुडघा सुजलाय. तरी म्हणते, १८ पासून मी उतरीन. सु.ताईंना विचारलं, जाणं पुढे ढकलता येईल? नाही. पुढच्या वर्षी निवड पुन्हा नव्यानं, माझी होईलच असं नाही. नकाशा काढला, पाहिला, ठेवला. सगळ्या गावांची नावं ओळीनं पाठ आहेत. उच्चार बरोबर आहेत की नाही, कोण सांगणार.

१३ जुलै
सकाळी सु.ताईंना लिहिलं, माझी जागा राखीव यादीतल्या मुलीला द्या. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी "हो" लिहिलं. फोन घरी ठेवून बांधीत उतरले.
परत आले तर मायनं प्रवासासाठी घेतलेला माझा नवा रेनकोट पुन्हा धुऊन दोरीवर टाकलेला. तिला अजून सांगितलेलं नाही.