आज कुणाला ऐकायला आलात?

१ जून, रविवार. सकाळी ९.
संकल्प. या उन्हाळ्यात टोकियो आणि आसपासचे सतरा लाइव्ह कार्यक्रम ऐकायचे. जाहिरातींचे कागद दोन महिने गोळा करत होतो. जॅझ तीन, रॉक पाच, नदीकाठचा रेगे एक, बाकी किरकोळ. तीन रंगांच्या पेनांनी तक्ता केला. माणसाने चोपन्नाव्या वर्षी तरी मनासारखं जगावं. शिवाय मी काही साधा श्रोता नाही. कॉलेजात बँडमध्ये बेस गिटार वाजवायचो. चार कार्यक्रम केले, त्यातल्या एकाला अनोळखी माणसंसुद्धा आली होती.

तक्ता फ्रिजला लावायला गेलो. सायोको म्हणाली, अहो, गेल्या वर्षीचा अजून तिथेच आहे, एकही खूण नाही त्यावर, तोच वापरा की. बायकोला कलेतलं काही कळत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आता बोलून उपयोग नाही.

२ जून, सोमवार.
लेकीने तक्ता पाहिला. नात्सुहो वीस वर्षांची झाली, दोन वर्षं ड्रम बडवतेय. तिघी मैत्रिणींचा बँड, नाव ‘ओले मोजे’. असलं नाव ठेवल्यावर कोण येणार? तिने विचारलं, बाबा, यात आम्ही कुठे आहोत? मी म्हणालो, तक्ता पक्क्या शाईत आहे. ती म्हणाली, बरं.

खरेदी: छोटा टॉवेल, कानात घालायचे बोळे, घडीचं स्टूल, मासेमारीचं चौदा खिशांचं जाकीट. टिपणवही नवी.

७ जून, शनिवार.
मोठ्या पाच कार्यक्रमांच्या तिकिटांची सोडत होती. पाचही ठिकाणांहून एकच उत्तर. अर्ज केल्याबद्दल मनःपूर्वक आभार, आणि पुढे ते जे असतं ते. ऑफिसातल्या ओनुकीला पहिल्याच फटक्यात दोन तिकिटं. म्हणतो, सर, बँड कुठला ते मी बघितलंच नाही, नुसतं बटण दाबलं. अशा लोकांमुळे रसिक बाहेर राहतो.

उरले बारा. बारा हा सतरापेक्षा सुटसुटीत आकडा आहे.

१४ जून, शनिवार. दुपार.
कार्यक्रम क्र. १. किचिजोजीच्या कॉफी हाउसमध्ये जॅझ. बाहेर पाऊस, आत छान गारवा. डोळे मिटून ऐकलं. जॅझ तसंच ऐकायचं असतं. शेवटी एका वयस्कर वेटरने खांद्याला हात लावला आणि म्हणाला, साहेब, पियानोवाले केव्हाच घरी गेले, आम्हाला खुर्च्या उलट्या करायच्यात. टिपण: पियानो शांत. तक्त्यावर हिरवी खूण.

२८ जून, शनिवार. संध्याकाळ.
क्र. २. ओनुकीबरोबर कोएन्जीच्या ‘आनागुमा’त. तळघरातला लाइव्ह हाउस, म्हणजे छोट्या बँडांची वाजवायची जागा, जिना इतका अरुंद की समोरून ड्रम आला तर आपण मागे वर चढायचं. दारातल्या काउंटरवर केस निळे केलेली मुलगी. तिने विचारलं, आज कुणाला ऐकायला आलात? ओनुकीने समजावलं, सर, हे सगळीकडे विचारतात. कागदावर बँडांची नावं असतात, तुम्ही ज्याचं नाव घ्याल त्याच्यापुढे रेघ मारतात. ज्याच्यापुढे रेघा कमी त्याला पुन्हा बोलावत नाहीत.

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, संगीताला. मुलीचं पेन हवेतच राहिलं. असं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नसावं. परतताना ओनुकी दुसऱ्या डब्यात बसला. भारावला असेल.

चारातले दोन बँड ऐकले. मग पाठ धरली.

१२ जुलै, शनिवार.
क्र. ३. तामा नदीकाठी रेगे. तापमान सदतीस. किसलेल्या बर्फाच्या गाडीपुढे रांग होती, तिथे सावली होती, म्हणून उभा राहिलो. माझा नंबर लागला तेव्हा कार्यक्रम संपला. पण रांगेत ऐकू येत होतं. खूण केली.

१९ जुलै, शनिवार.
क्र. ४: समोरच्या शाळेत बोन सणाच्या नाचाच्या ढोलांची तालीम. आपल्याच गॅलरीतून, पण वाजवणारी माणसं जिवंत होती, म्हणजे लाइव्हच. क्र. ५: विभागप्रमुखांच्या निरोपाला कराओके. सायोको म्हणाली, मग मी न्हाणीघरात गुणगुणते तेही धरा. थट्टेचा सूर होता. तरी धरलं. क्र. ६.

२७ जुलै, रविवार. दुपारी ४.
आज मात्र वेगळं लिहायचं आहे.

नात्सुहो येऊन समोर बसली. एरवी ती माझ्यासमोर उभ्याउभ्या बोलते. म्हणाली, बाबा, तेवीस ऑगस्टला आमचा आनागुमात शो आहे. गेल्या दोन वेळी आमच्यापुढे सहा आणि सात रेघा पडल्या. मॅनेजरने सांगितलंय, यावेळी दहा झाल्या तर सप्टेंबरपासून दर महिन्याला एक तारीख. नाही झाल्या तर पुन्हा यायचं नाही. मी विचारलं, मग? ती म्हणाली, नऊ जण नक्की आहेत. सगळ्यांची दोनदोनदा खात्री करून घेतलीय. मग म्हणाली, आईची त्या दिवशी बेकरीत कामाची पाळी आहे. तुम्ही याल का? दहावे?

मी म्हणालो, तक्त्यात बघतो. मागे तिने माझ्याकडे असं काही मागितलं तेव्हा ती सायकल शिकत होती.

जाताना म्हणाली, सहाला आमचाच बँड पहिला आहे. तुम्ही काही करू नका हं. फक्त या. आणि ते जाकीट नको.

३ ऑगस्ट, रविवार.
तेवीस तारखेची तयारी. बाकीचे सगळे कार्यक्रम रद्द, सगळी शक्ती एकाच ठिकाणी लावायची. मुलगी वाजवणार म्हणजे बापाने रिकाम्या हाताने जाणं शोभत नाही. चारही बँडांना मिठाईची एकेक पेटी, मॅनेजरला एक, निळ्या केसांच्या मुलीला एक. सायोको म्हणाली, ती म्हणालीय ना काही करू नका? मी म्हणालो, हे करणं नव्हे, हा शिष्टाचार आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार.
पेट्या आल्या. सहा. कागद गुंडाळून, वर नाव घालून. उद्या मी दहावा. दहाव्यावर सगळं अडलेलं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार. रात्री ९, घरी.
अत्यंत यशस्वी दिवस. सविस्तर लिहितो.

साडेपाचला पोहोचलो. जाकीट नाही. रांगेत मागे उसामी नावाचे गृहस्थ. त्यांचा मुलगा शेवटच्या, मोठ्या बँडात गिटार वाजवतो, ‘हंस गल्ली’त. फार सभ्य माणूस. म्हणाले, आमचा पोरगा नुसती तार खाजवतो हो, तुमच्या कानांना त्रास होईल, आधीच माफी मागून ठेवतो. मी म्हणालो, छे छे, आमची तर पत्र्याचे डबे बडवते. ते म्हणाले, असं कसं, मी तर आज खास तुमच्या मुलीलाच ऐकायला आलो असं समजा. मी म्हणालो, आणि मी तुमच्या मुलाला. दोघांनी कमरेत वाकून नमस्कार केला. जिन्यात डोकी आपटली.

काउंटरवर तोच प्रश्न. आज कुणाला ऐकायला आलात? उसामी माझ्या खांद्यामागे. ज्यांना आत्ताच तोंडावर सांगितलं त्यांच्यादेखत स्वतःच्या पोरीचं नाव घ्यायचं? इतका निर्लज्ज मी नाही. स्पष्ट आवाजात म्हणालो, हंस गल्ली. रेघ पडली. आता रीत काय? उसामी म्हणणार, ओले मोजे. फिट्टंफाट, कुणाचंच नुकसान नाही.

उसामी पुढे झाले आणि म्हणाले, हंस गल्ली.

घाईत तोंडून निघालं असेल. मी रागावलो नाही.

मग पेट्या वाटल्या. प्रत्येक बँडला भेटून मुलीमुळे होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. मॅनेजर सापडेना, त्याला शोधलं. उसामींनी जिन्यात पुन्हा गाठलं, माझ्या मिठाईबद्दल आभार मानले, मी त्यांच्या आभारांबद्दल आभार मानले. त्यात थोडा वेळ गेला. दाराला रबराची पट्टी आहे, आवाज बाहेर फारसा येत नाही. पण ढोल दाराआडूनच खरा कळतो. आत शिरलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. मी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. नात्सुहोने मला पाहिलं. हसली. घामाने केस कपाळाला चिकटले होते, लहानपणी तापात चिकटायचे तसे.

आत पन्नास तरी माणसं होती. दहा काय, पंधरा रेघा झाल्या असतील.

२५ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ७.
नऊ.

मॅनेजरने तिला फोन करून सांगितलं. नात्सुहो जेवणाच्या टेबलापाशी बसून बोटांवर नावं मोजत होती. सायोकोने मिसो सूप पुढे ठेवलं, ते गार झालं. नात्सुहो म्हणाली, नऊ जण आणि बाबा, दहा व्हायला हवे होते. कुणीतरी दुसऱ्याचं नाव घेतलं. मग म्हणाली, त्या नवांतली कोझुए. तिचा त्या हंस गल्लीच्या गिटारवाल्यावर डोळा आहे. मी म्हणालो, असं एकदम कुणावर, म्हणजे, लोक गडबडीत. ती म्हणाली, बाबांचा तर प्रश्नच नाही.

उद्या सांगतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार.
सकाळी सांगणार होतो, तिला क्लासला उशीर झाला होता. संध्याकाळी ती फोनवर होती. कोझुएशी. शाळेपासूनची मैत्रीण, लहानपणी आमच्याकडे रात्री राहायला यायची. नात्सुहो ओरडत होती, तू शपथ घेऊ नकोस माझ्यासमोर. मग फोन आपटला. अशा वेळी बोलणं बरोबर नाही. माणूस रागात असला की त्याला खरं पचत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार.
योजना. सांगण्याआधी दुरुस्त करावं, म्हणजे सांगायची वेळच येणार नाही. ऑफिसातून लवकर निघून आनागुमात गेलो. निळ्या केसांची मुलगी म्हणाली, काका, तुम्हीच ना ते संगीताला ऐकायला आलेले? मिठाई छान होती. मग मॅनेजर आला. मी सगळं सांगितलं. उसामींसकट. ती रेघ इकडची तिकडे करा म्हणालो. तो म्हणाला, साहेब, महिन्याला एक तरी बाप येतो आणि हेच सांगतो. मी कुणाकुणाची रेघ हलवू? मी वाकलो. तोही वाकला. बराच वेळ दोघेही वाकलेले होतो. जागचं काही हललं नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
सायोकोला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, मी बघते. ती भाजी चिरत होती. म्हणाली, मला कशाला सांगताय? मी म्हणालो, मी शिष्टाचार पाळला. ती म्हणाली, हो, सगळ्यांशी पाळलात.

उद्या नक्की.

३० ऑगस्ट, शनिवार.
आज सांगणार होतो. फार उकाडा.

३१ ऑगस्ट, रविवार. रात्री ८.
जेवण झाल्यावर सांगितलं. एका दमात. मी तुझ्या बँडचं नाव घेतलं नाही, हंस गल्लीचं घेतलं, कोझुएचा दोष नाही. उसामींबद्दल सांगायला लागलो, पण ते आता माझ्याच कानांना कसंतरी वाटायला लागलं, म्हणून मधेच थांबलो.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, ते राहू दे. वाजवलं कसं आम्ही?

मी म्हणालो, उत्तम. विशेषतः दुसरं गाणं.

ती म्हणाली, बाबा, आम्ही एकच वाजवलं. पंचवीस मिनिटांचं.

मग उठून आपल्या खोलीत गेली. भिंती पातळ आहेत. तिने कोझुएला फोन लावला आणि रडत माफी मागितली. तिकडून काहीतरी विचारलं असावं. नात्सुहो म्हणाली, नाही गं, कुणीच काही केलं नाही. माझीच मोजण्यात चूक झाली.

मी भिंतीला टेकून उभा होतो. एवढं मात्र शेवटपर्यंत ऐकलं.